हंड्यावरचं नाव

आम्ही हसनाबादहून बोलतोय. तालुका भोकरदन, जिल्हा जालना. मागच्या वेळी आम्ही शेळ्यांच्या कर्जाबद्दल आणि विम्याबद्दल बोललो होतो. आज पैशांचं काही नाही. आज एका पुस्तकाबद्दल आणि एका तांब्याच्या हंड्याबद्दल बोलायचं आहे. मधे थोडा इतिहास येईल. तो लांबचा वाटेल, पण शेवटी तो आपल्याच दारात येऊन उभा राहतो, म्हणून जरा धीर धरून ऐका.

आमच्याकडे श्रावणात पोथी लागते. कुणाकडे शिवलीलामृत, कुणाकडे नवनाथ. एक जण वाचते, बाकीच्या वाती वळत, गहू निवडत ऐकतात. यंदा आमच्या गटात सूचना आली की बैठक झाल्यावर अर्धा तास एखादं पुस्तक वाचायचं. गटात मुसलमान बायाही आहेत, त्यामुळे पोथी नको, सगळ्यांना ऐकता येईल अशी गोष्ट हवी, असं ठरलं. आम्हाला बी.ए.ला मराठीच्या पेपरात ‘रणांगण’ नावाची कादंबरी होती. बारकंसं पुस्तक. तेव्हा आम्ही नायकाच्या स्वभावावरचा दहा मार्कांचा प्रश्न पाठ केला, लिहिला आणि पास झालो. पुस्तक नीट कळलं नव्हतं हे आता कबूल करायला हरकत नाही. वाचनालयातून तेच आणलं.

नाव ऐकल्याबरोबर एक काकू म्हणाल्या, “असईच्या लढाईचं हाये का?” त्यांचं चुकलं नाही. खरंखुरं रणांगण आपल्या जिल्ह्यातच आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रजांची फौज भिडली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे त्यानेच युरोपात नेपोलियनला हरवलं. असईला तो जिंकला, पण त्याची दीड हजाराहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. मराठ्यांची त्याहून कितीतरी जास्त. त्या नदीकाठच्या शेतांत ज्यांची उभी पिकं तुडवली गेली, त्यांची नोंद कुठे असल्याचं आम्ही वाचलेलं नाही. असो. या पुस्तकात मात्र तलवार नाही, तोफ नाही. एक बोट आहे, आणि बोटीवर बसलेली माणसं आहेत.

‘रणांगण’ १९३९ साली आलं. लिहिलं विश्राम बेडेकरांनी. बेडेकर मूळचे अमरावतीचे, पुढे सिनेमा आणि नाटकांत नाव काढलेले. त्यांच्या बायकोचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. मालतीबाई बेडेकर, म्हणजेच विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातलं त्यांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये टोपणनावाने लिहिलं, तेव्हा महाराष्ट्रात एवढा गदारोळ उठला की लिहिणारी बाई कोण याचा शोध सुरू झाला. सोलापूरला गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायचे, तिथे मालतीबाईंनी काम केलं, आणि त्यावर ‘बळी’ लिहिलं. त्यांच्याबद्दल वेगळा कार्यक्रम करायला हवा. आज बेडेकरांच्या पुस्तकाचं बोलू.

त्यातली बोट युरोपातून मुंबईला निघालेली आहे. बोटीवर चक्रधर नावाचा मराठी माणूस आहे. आधी एका मुलीकडून मन मोडलेलं, त्यामुळे आता सगळ्या बायांवर विश्वास उडालेला. आणि बोटीवर जर्मनीतून हाकललेली ज्यू माणसं आहेत. त्यात हॅर्टा नावाची एक तरुण मुलगी आहे, तिच्याबरोबर तिची आई आहे.

“ज्यू म्हणजे कोण?” हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. ज्यू म्हणजे यहुदी. त्यांचा धर्म ख्रिश्चन आणि इस्लामच्याही आधीचा. आणि ते फार परके नाहीत. आपल्या कोकणात, अलिबागच्या बाजूला, शेकडो वर्षांपासून ज्यू राहत होते. बेने इस्रायल त्यांचं नाव. तेलाचे घाणे चालवायचे. त्यांच्या धर्मात शनिवारी काम करायचं नाही, म्हणून शनिवारी घाणा बंद. म्हणून गावातले लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. बोलायचे मराठी, नेसायच्या नऊवारी. १९४८ नंतर पुष्कळ जण इस्रायलला गेले, पण त्यांच्या घरात मराठी पुष्कळ वर्षं टिकली. हे सांगितल्यावर बाया जरा सैल झाल्या. शनिवारी सुट्टी घेणारा तेली कुणालाही समजतो.

जर्मनीत १९३३ ला हिटलरची सत्ता आली आणि त्याने तिथल्या ज्यूंना हळूहळू घराबाहेर ढकललं. हळूहळू हा शब्द लक्षात ठेवा. आधी सरकारी नोकऱ्या काढल्या. १९३५ ला कायदा केला की ज्यू आणि जर्मन यांचं लग्न होणार नाही, ज्यूंना नागरिकाचे हक्क नाहीत. १९३८ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत त्यांची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानांच्या काचा फोडल्या, हजारो माणसांना पकडून छावण्यांत टाकलं. त्यांच्या पासपोर्टवर लाल अक्षराचा शिक्का बसू लागला. देश सोडायचा तर सोडा, पण बरोबर फक्त दहा मार्क न्यायचे. मार्क म्हणजे तिथलं नाणं. घर, दुकान, दागिने, ठेवी सगळं मागे.

आणि जायचं कुठे? १९३८ च्या जुलैत फ्रान्समधल्या एव्हियां गावात बत्तीस देशांची बैठक बसली होती, या लोकांना कोण घेणार हे ठरवायला. प्रत्येकाने फार हळहळ व्यक्त केली. घ्यायला जवळजवळ कुणी तयार झालं नाही. जगाच्या पाठीवर एकच मोठं शहर असं उरलं जिथे उतरायला आधी परवाना लागत नव्हता. चीनमधलं शांघाय. तेव्हा तिथे आधीच जपानने लढाई सुरू केलेली. तरीही हजारो ज्यू तिकडे निघाले. इटलीच्या बोटी सुएझच्या कालव्यातून मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग असं करत शांघायला जायच्या. म्हणजे आपल्या मुंबईच्या धक्क्याला त्या बोटी लागत होत्या. हिंदी माणसं सामान घेऊन उतरत होती आणि ज्यू माणसं कठड्याला टेकून बघत होती.

‘रणांगण’ची गोष्ट एवढीच आहे. बोटीवरच्या थोड्याशा दिवसांत चक्रधर आणि हॅर्टा यांचं प्रेम जमतं. तिचं मन त्याच्यावर पूर्ण बसतं. त्याचं बसतं की नाही हे त्यालाच कळत नाही, किंवा कळून घ्यायचं नाही. मुंबई येते. तो उतरतो. तिला उतरता येत नाही. बोट पुढे जाते. ती त्याला पत्रं लिहिते, आणि मग समुद्रात उडी घेते. पत्रं येतात तेव्हा ती नसते. १ सप्टेंबर १९३९ ला महायुद्ध सुरू झालं आणि पुढच्या सहा वर्षांत युरोपातले साठ लाखांच्या आसपास ज्यू मारले गेले. ते सगळं बेडेकरांनी पुस्तक लिहिलं तेव्हा अजून व्हायचं होतं.

शेवटचं पान वाचून संपलं तेव्हा कुणी बोललं नाही. मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. एकीचं म्हणणं, “एकीनं दुखवलं अन् सूड दुसरीवर काढला.” दुसरी म्हणाली, “त्याच्या हातात काय होतं? सरकार इंग्रजांचं. तो तिला कडेवर घेऊन उतरणार होता का?” तिसरी म्हणाली, “ते कळलं, पण त्यानं नीट विचारलं बी नाही. सोडवण्यासाठी चार दारं ठोठावली असती अन् नाही उघडली, तर गोष्ट वेगळी.” आम्हाला हे तिसरं म्हणणं पटतं. परीक्षेला आम्ही लिहिलं होतं की चक्रधर परिस्थितीचा बळी आहे. ते अर्धंच खरं होतं. परिस्थितीचा बळी हॅर्टा होती. चक्रधरकडे पासपोर्ट होता, खिशात पैसे होते, उतरायला देश होता.

कुणी म्हणेल की तेव्हाच्या गुलाम देशातली माणसं दुसऱ्यांसाठी काय करणार. तर कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचं गाव आहे. १९४३ मध्ये तिथे पोलंड देशातल्या निर्वासितांची छावणी वसवली. जवळपास पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बाया आणि मुलं. रशियाने त्यांना घरातून उचलून सैबेरियाच्या थंडीत नेऊन टाकलेलं होतं, तिथून इराणमार्गे ती इकडे आली. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर सगळं तिथे उभं राहिलं, आणि युद्ध संपल्यावरही दोन-तीन वर्षं ती तिथे राहिली. तेव्हाची पोरं म्हातारपणी पोलंडहून वळिवड्याला येऊन गेली. तर दार उघडल्याचं उदाहरणही आपल्याच मुलखात आहे.

आता आपल्याकडचं. पुस्तक संपलं ते सप्टेंबरात, १७ तारखेच्या आधीच्या आठवड्यात. १७ सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आपण शाळेत झेंडावंदनाला जातो, पोरांना बिस्किटाचा पुडा मिळतो. बाहेरच्या जिल्ह्यांत हा कार्यक्रम ऐकणाऱ्या मैत्रिणींना कदाचित माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा झाला नाही. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. आणखी तेरा महिने इथे तिरंगा लावणं गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले. शिंदीची झाडं तोडली, करोडगिरीचे नाके जाळले, लेव्हीचं धान्य द्यायला नकार दिला. आपल्या जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके घोड्यावर बसून, बंदूक हातात घेऊन लढल्या. आणि समोर लातूरचा वकील कासीम रझवी याची रझाकार संघटना होती.

रझाकारांनी काय केलं हे आमच्या बायांना पुस्तकात वाचावं लागत नाही. आमच्या गटातल्या एकीच्या आजीला रात्रीतून बैलगाडीत घालून धाडला नेलं होतं. धाड बुलढाणा जिल्ह्यात. तेव्हा तो मुलूख निजामाचा नव्हता, म्हणून या बाजूची माणसं तिकडे, किंवा अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात पळायची. आजी सांगायची की बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या, आवाज होऊ नये म्हणून. जी पळाली नाहीत त्यांच्याकडून दर महिन्याला पैसे वसूल व्हायचे. दिले तर बरं. नाही दिले तर लूट. अडवलं तर जाळपोळ, खून, बायांवर अत्याचार. आणि रझाकारांना मुसलमानांतूनही विरोध झाला, हेही सांगायला हवं. ‘इमरोज’ या उर्दू वर्तमानपत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबादने भारतात सामील व्हावं असं लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना ठार मारलं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज आत शिरली. १५ तारखेला जालना ताब्यात आलं. १७ ला निजामाने शरणागती दिली. आपण इथे टाळ्या वाजवतो, आणि वाजवायलाच हव्यात. शाळेतल्या भाषणात गोष्ट इथेच संपते.

आमच्या बैठकीत त्या दिवशी ती संपली नाही. धाडची गोष्ट झाल्यावर गटातल्या एक काकू, वय साठीच्या पुढे, गटात सगळ्यात कमी बोलणाऱ्या, हप्ता कधी न चुकवणाऱ्या, म्हणाल्या, “आमच्या घरी एक हंडा हाये.” आम्हाला वाटलं, विषय बदलतायत.

त्यांचं सासर या गावचं नाही. दुसऱ्या जिल्ह्यातलं एक खेडं. नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माणसं राहतात. १९४८ मध्ये काकूंच्या सासूबाई चौदा वर्षांच्या होत्या, नुकत्या नांदायला आलेल्या. शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. तो गावाच्या गाद्या, रजया पिंजून द्यायचा. दोन घरांच्या मधे मागच्या बाजूला एक दार होतं, विरजण मागायला, विस्तव न्यायला. फौज आल्याची बातमी आली. रझाकार पळाले. आणि मग उलटं वारं सुटलं. अमुक गावात मुसलमानांची घरं लुटली, तमुक गावात माणसं मारली, आज आपल्या गावात येणार, अशा बातम्या यायला लागल्या. एका संध्याकाळी पिंजाऱ्याची बायको मागच्या दाराशी आली. डोक्यावर तांब्याचा हंडा, त्यात कपडे आणि वर गोधडी. हाताला आठ-नऊ वर्षांची मुलगी. म्हणाली, हंडा ठेवून घ्या, आणि पोरीला आजच्या रातीला ठेवून घ्या. आम्ही उद्या बघतो.

दाराची कडी या चौदा वर्षांच्या सुनेच्या हातात होती. तिने मागे वळून आपल्या सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, “हंडा ठेवून घे. पोरगी नको. घरात गडीमाणूस नाही.”

हंडा आत आला. कडी लागली. सकाळी शेजारचं घर उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. ते कुठे गेले, पोचले का, मुलीचं काय झालं, कधीच कळलं नाही. चार-सहा महिन्यांनी हंड्यातले कपडे बाहेर काढले, कारण त्यांना कसर लागली होती. हंडा राहिला. “बहात्तरच्या दुष्काळात घरातली सगळी तांब्या-पितळ मोडीत गेली,” काकू म्हणाल्या. “मव्ही सासू खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन दिवस काढले. पण हंडा इकू देला नाही. अन् त्यातलं पाणी तिनं सोता कधी पिलं नाही. आम्ही पिलो, तिनं नाही. काहून, ते आम्हाला ती मरायच्या आधी कळलं.”

आता जरा इतिहासाकडे परत येतो, कारण ही एका घराची गोष्ट नाही. फौज आल्यानंतर हैदराबाद संस्थानात काय झालं हे बघायला दिल्लीच्या सरकारने एक शिष्टमंडळ पाठवलं. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबर १९४८ मध्ये ते सोळापैकी नऊ जिल्हे फिरले, खेड्यांत गेले, माणसांशी बोलले. त्यांनी रझाकारांचे अत्याचार लिहिले, महिन्याच्या वसुलीचं जे आम्ही वर सांगितलं तेही त्यांच्या अहवालात आहे. आणि पुढे त्यांनी लिहिलं की फौज आली तेव्हा आणि त्यानंतर सबंध संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असावीत, त्यात बहुतेक मुसलमान. सगळ्यात वाईट हाल उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत झाले. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान पाच हजार. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. हे आकडे अंदाजाचे आहेत आणि ते सगळ्यांना मान्य नाहीत. सरदार पटेलांनाही तो अहवाल पटला नव्हता. तो छापला गेला नाही. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना वाचायला मिळू लागला. म्हणजे पासष्ट वर्षांनी.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि आम्हाला ती फार महत्त्वाची वाटते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, आणि त्यात स्वतःचे जीव घालवले. एकाच धंद्यातली माणसं, मागावर शेजारी बसणारी. पळवून नेलेल्या मुसलमान बाया शोधून परत आणायला पुष्कळ हिंदूंनी मदत केली, हेही लिहिलेलं आहे. त्या माणसांची नावं घेऊन कुठे झेंडावंदन होतं का? आम्ही तरी बघितलेलं नाही.

बैठकीत सगळ्यांना हे आवडलं असं नाही. एक आजी उठून म्हणाल्या, “रझाकारांनी काय केलं ते आधी सांगा. त्यांनी मव्ह्या मामाला झाडाला बांधून मारलं.” आम्ही म्हणालो, आजी, ते पण लिहायचं. आपण वही लिहितो तेव्हा एकीचं येणं दुसरीच्या देण्यात वजा करत नाही. प्रत्येकीचं पान वेगळं असतं. तुमच्या मामाचं पान फाडून पिंजाऱ्याच्या मुलीचं पान भरायचं नाही. आणि तिच्या पानावर तुमच्या मामाचं नाव लिहून ते पुरं झालं असंही म्हणायचं नाही. आजींना हे पूर्ण पटलं नाही. त्या बसल्या, पण पदर तोंडाला लावून बसल्या. आम्हीही जास्त ताणलं नाही. ज्याचं जळतं त्याला एवढ्यात शहाणपण सांगू नये.

मग चर्चा चौदा वर्षांच्या त्या सुनेवर आली. तिचा काय गुन्हा? निर्णय तिचा नव्हता. त्या घरात तिला भाकरी दुसऱ्यांदा मागायची सोय नव्हती, ती काय पोरगी ठेवून घेणार? हे सगळ्यांनी मान्य केलं. आणि तरी आयुष्यभर पाणी तिने सोडलं. जिने ‘नको’ म्हटलं त्या सासूने पुढे कधी हा विषय काढला नाही म्हणे. आम्ही हे पुष्कळ घरांत बघतो. ज्याच्या हातात सत्ता असते त्याला झोप लागते, आणि कडी लावणारीला लागत नाही. चक्रधरसारख्या शिकल्यासवरल्या पुरुषाच्या टोचणीवर पुस्तक निघतं. या बाईचं फक्त पाणी न पिणं होतं, ते सुद्धा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

या भावनेला आपल्या बोलीत काय म्हणायचं, यावर पण बोलणं झालं. पुस्तकात ‘अपराधी भावना’ असा शब्द येतो. काकू म्हणाल्या, “सासू म्हणायची, जिवाला लागून राह्यलंय.” आम्हाला हा शब्द जास्त खरा वाटला. अपराध झाला तर शिक्षा होते आणि विषय संपतो. लागून राहिलेलं संपत नाही.

पुढच्या बैठकीला काकू हंडा घेऊन आल्या. रिक्षात मांडीवर धरून. आत-बाहेर कल्हई केलेली होती, आता बाहेरची उडून तांबं दिसतंय. गळ्याखाली ठिपक्यांनी नाव घातलेलं, जसं आपण भांड्याच्या दुकानात घालून घेतो तसं. पण उर्दूत. काकूंच्या घरात पंच्याहत्तर वर्षांत ते कुणालाही वाचता आलेलं नाही. सासूबाई म्हणायच्या, पिंजाऱ्याचं नाव असेल.

आमच्या गटात एक भाभी आहेत, त्या उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकल्या. त्यांनी हंडा उजेडात फिरवून बघितला. रोज राखेने, चिंचेने घासून ठिपके झिजलेले. मग त्यांनी थोडं गव्हाचं पीठ मागितलं. पीठ ठिपक्यांवर चोळलं, वरून ओढणीच्या टोकाने हलकेच पुसलं. आत अडकलेलं पीठ तेवढं राहिलं आणि तांबड्या तांब्यावर पांढरी अक्षरं उठून आली. भाभींनी बोट फिरवत फिरवत वाचलं. दोन अक्षरं लागली नाहीत. पण नाव पिंजाऱ्याचं नव्हतं. बाईचं नाव होतं, आणि त्यापुढे तिच्या बापाचं. माहेराहून लग्नात आलेला हंडा होता तो.

म्हणजे त्या संध्याकाळी ती बाई घरातली सगळ्यात मोठी वस्तू घेऊन आली नव्हती. स्वतःची म्हणावी अशी तिच्याकडे जी एक वस्तू होती, आणि जे एक लेकरू होतं, ती दोन्ही घेऊन आली होती.

काकू भाभींना म्हणाल्या, “तुम्ही घेऊन जा. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या.” भाभींनी हात मागे घेतले. म्हणाल्या, “मैं कौन लेनेवाली, काकू? माझं थोडंच आहे ते.” दोघी बराच वेळ हंड्याकडे बघत बसल्या. मग भाभींनी विचारलं की त्या मुलीचं नाव सासूबाईंना आठवत होतं का. आठवत होतं. काकूंनी ते सांगितलं. आम्ही ते इथे सांगत नाही. कोण जाणे, ती मुलगी कुठे तरी म्हातारी होऊन बसलेली असेल, आणि असली तर तिचं नाव रेडिओवर पहिल्यांदा तिनेच घ्यावं.

इतिवृत्ताच्या वहीत त्या दिवशी काय लिहायचं हा प्रश्न पडला. हप्ता जमा, दोघींचं कर्ज मंजूर, हे लिहिलं. त्याखाली ‘हंड्यावरचं नाव वाचलं’ असं लिहिलं आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी सह्या केल्या. आजींनीही अंगठा दिला.

हंडा काकूंच्याच घरी परत गेला. परवा आम्ही हप्त्याच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी सांगितलं की आधी तो उतरंडीशेजारी नाव भिंतीकडे करून ठेवलेला असायचा, सासूबाईंनीच तसा ठेवला होता. आता त्यांनी तो फिरवून ठेवला आहे. नाव दाराकडे येईल असा.